भाडे, अंतर आणि मधला माणूस

मराठी कथा-कादंबरीत घरमालक पुष्कळ आहेत आणि भाडेकरू त्याहून पुष्कळ. पागडी मागणारा मालक, नळ बंद करणारा मालक, भाडे थकवणारा आणि तरीही आपल्या सहानुभूतीचा धनी होणारा भाडेकरू, ही सारी मंडळी आपल्या परिचयाची आहेत. पु. ल. देशपांड्यांच्या 'बटाट्याची चाळ'मध्ये (१९५८) गच्चीसाठी आख्खी चाळ आंदोलनाला उभी राहते. 'चक्र' (१९६३) आणि 'माहीमची खाडी' (१९६९) या कादंबऱ्यांनी तर मुंबईत निवारा म्हणजे काय, हे पांढरपेशा वाचकाला प्रथम नीट दाखवले. पण मालक आणि भाडेकरू या दोघांच्या मध्ये उभा राहून एकाचे भाडे दुसऱ्यापर्यंत आणि दुसऱ्याची तक्रार पहिल्यापर्यंत पोहोचवणारा (किंवा न पोहोचवणारा) जो माणूस, तो आपल्या साहित्यात कडेकडेनेच वावरतो. महिन्याच्या पाच-सात तारखेला वही घेऊन जिना चढणारा मेहताजी, अथवा एजंट म्हणून एखाद्या परिच्छेदात येऊन जाणारा दलाल, एवढेच त्याचे स्थान. आम्हाला वाटते, की ही उणीव किरकोळ नाही. आज आपल्यापैकी अनेकांचे घराशी असलेले नाते याच माणसाच्या हाती आहे, आणि तो बोलत नाही.

विषय रुक्ष आहे खरा. साहित्याच्या चर्चेत भाडेकरार आणि पाण्याची गळती कशाला, असे कुणी विचारील. पण अंतरावरून घर सांभाळणे हा आज मराठी मध्यमवर्गाचा सार्वत्रिक अनुभव आहे. वडिलांनी नोकरीच्या काळात मुंबईच्या उपनगरात घेतलेली एक खोली-स्वयंपाकघराची जागा, मुले पुण्याला, बंगळुरूला किंवा न्यू जर्सीला, आणि जागा भाड्याने. भाडे खात्यात जमा होते तोवर त्या घराची आठवणही होत नाही. जमा होईनासे झाले, किंवा सोसायटीचे पत्र आले, की मग फोन सुरू होतात. आणि त्या फोनला उत्तर येत नाही. या उत्तर न येण्याचा विचार नैतिक आणि वाङ्मयीन अशा दोन्ही अंगांनी झाला पाहिजे, असे आमचे मत आहे.

प्रथम शब्दांकडे पाहू. या मधल्या माणसासाठी मराठीत शब्दांचा तुटवडा नाही. गुमास्ता, मुनीम, मुखत्यार, मुतालिक, दिवाणजी, कारभारी, दलाल. यांतले बहुतेक फारसी-अरबी वाटेने आलेले. गुमास्ता म्हणजे मूळ अर्थाने नेमलेला माणूस. मुखत्यार म्हणजे ज्याला निवडीचा अधिकार दिला आहे असा. दलाल हा शब्द आज शिवीच्या जवळ गेला आहे, पण त्याच्या मुळाशी वाट दाखवणे ही क्रिया आहे. मुतालिक म्हणजे एखाद्या पदाधिकाऱ्याच्या वतीने त्याचे काम पाहणारा. मराठेशाहीत पद एकाचे आणि त्याचा कारभार मुतालिकाचा, ही व्यवस्था इतकी रुळलेली होती, की पुढे ते आडनाव झाले. वतनदार एका ठिकाणी आणि वतन दुसऱ्या ठिकाणी असले, की गुमास्ता आलाच. ('गुमास्ता' मुंबईत अजूनही जिवंत आहे, पण माणूस म्हणून नव्हे, तर दुकानाचा परवाना म्हणून. दुकानदार एकमेकांना 'गुमास्ता काढला का?' असे विचारतात, तेव्हा शब्दाचा हा प्रवास ऐकणाऱ्याची करमणूक करतो.) आणि कारभारी? पेशवाईत बारभाईंच्या काळात दौलतीची सूत्रे हलवणारा हा शब्द ग्रामीण बोलीत बायकोने नवऱ्याला हाक मारायचा शब्द झाला. सत्तेचे इतके घरगुती रूप दुसऱ्या कुठल्या भाषेत सापडेल असे वाटत नाही.

एवढे शब्द असताना त्या माणसाचे चित्रण मात्र का नाही? आमच्या मते याचे कारण असे, की आपली सामाजिक कल्पनाशक्ती दोन टोकांवर पोसली गेली आहे. शोषक आणि शोषित, वाडा आणि झोपडी, खोत आणि कूळ. मधला माणूस या मांडणीत बसत नाही; तो सोयीनुसार दोन्हीकडचा असतो.

खोतीचेच उदाहरण घ्या. कोकणातला खोत हा मुळात सरकार आणि कूळ यांच्यामधला वसुली करणारा. म्हणजे तोच मधला माणूस. पण पिढ्यान्पिढ्या मध्ये उभे राहिल्याने तो मालक होऊन बसला. पुढे अनेक खोत मुंबई-पुण्याला नोकरी-वकिलीसाठी गेले, आणि त्यांनी आपल्या वतीने गावात माणूस ठेवला. मधल्या माणसाचा मधला माणूस! कुळाने गाऱ्हाणे सांगायचे कुणाला? अलिबागजवळच्या चरी येथील शेतकऱ्यांनी १९३३ ते १९३९ असा जो दीर्घ संप केला, त्याची कहाणी नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाची आहे, तशीच ती या ऐकून न घेणाऱ्या व्यवस्थेचीही आहे. डॉ. आंबेडकरांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले, आणि जानेवारी १९३८ मध्ये शेतकऱ्यांचा मोर्चा विधिमंडळावर आला. मोर्चा मुंबईला आला, हे लक्षात घेण्यासारखे आहे. मध्ये कुणालाही न ठेवता थेट बोलण्यासाठी माणसांना एवढे अंतर कापावे लागले. खोती निर्मूलनाचा कायदा झाला १९४९ साली. श्री. ना. पेंडशांच्या 'तुंबाडचे खोत'ने (१९८७) खोतांच्या चार पिढ्या रंगवल्या. खोताच्या गैरहजेरीत गावात वही सांभाळणाऱ्याची पिढी मात्र कुणी रंगवली नाही.

महेश एलकुंचवारांचे 'वाडा चिरेबंदी' (१९८५) या दृष्टीने पुन्हा वाचून पाहावे, असे आम्ही शिक्षक मित्रांना सुचवू. हे नाटक सहसा सरंजामी कुटुंबाच्या ऱ्हासाचे म्हणून शिकवले जाते. ते तसे आहेच. पण त्याच्या केंद्राशी एक अगदी व्यावहारिक प्रश्न आहे: मालमत्ता धरणगावात, एक वाटेकरी मुंबईत, आणि कारभार थोरल्या भावाच्या हाती. सुधीरला वाटते, की भास्कर काहीतरी दडवतो आहे. भास्करला वाटते, की मुंबईहून येऊन हिशेब विचारणाऱ्याला इथल्या पडझडीची किंमत ठाऊक नाही. दोघांचेही खरे आहे. आणि ज्याने प्रत्यक्ष अंगमेहनत केली तो चंदू हिशेबात कुठेच नाही. अंगणात गंजत पडलेला ट्रॅक्टर हे त्या नाटकातले प्रतीक म्हणून विद्यार्थी परीक्षेत लिहितात; आम्हाला तो ट्रॅक्टर अंतरावरच्या मालमत्तेची तंतोतंत नोंद वाटतो. ज्याची आहे तो इथे नाही, इथे आहे त्याला ती आपली वाटत नाही.

इंग्रजी वाङ्मयाने मात्र या माणसाला चांगले ओळखले होते, आणि त्याचे कारण आयर्लंड. जमीनदार लंडनला आणि कुळे आयर्लंडमध्ये, ही तिथली रीतच होती. मरायाह एजवर्थच्या 'कॅसल रॅकरेंट' (१८००) आणि 'दि ॲब्सेंटी' (१८१२) या कादंबऱ्या याच गैरहजर मालकांविषयी आहेत. पहिल्या कादंबरीचा निवेदकच घराण्याचा जुना कारभारी आहे, आणि धन्याच्या निष्ठेने बोलता बोलता तो धन्याचे वाभाडे काढतो. या रीतीचा एक विलक्षण अवशेष जगातल्या अनेक भाषांत उरला आहे. १८८० च्या शरद ऋतूत मेयो परगण्यात लॉर्ड अर्नच्या जमिनी सांभाळणाऱ्या एजंटाशी कुळांनी सगळे व्यवहार तोडले. मजूर येईनात, दुकानदार माल देईनात, टपाल पोहोचेना. पीक काढायला पन्नास माणसे बाहेरून आणावी लागली आणि त्यांच्या रक्षणासाठी फौज. त्या एजंटाचे नाव कॅप्टन चार्ल्स बॉयकॉट. शब्दकोशात गेला तो एजंट. मालक लॉर्ड अर्न आज कुणाला आठवतो? मालकाचे नाव सुरक्षित राहावे, यासाठीच तर एजंट नेमायचा असतो.

डिकन्सने 'लिटल डॉरिट'मध्ये (१८५५-५७) हे गुपित फोडले आहे. कॅसबी हा पांढऱ्या लांब केसांचा, साधुपुरुषासारखा दिसणारा घरमालक. ब्लीडिंग हार्ट यार्डातले गरीब भाडेकरू त्याला देवमाणूस समजतात आणि शिव्या घालतात त्या पँक्सला, म्हणजे भाडे वसूल करणाऱ्याला. प्रत्यक्षात कॅसबीच पँक्सला आतून पिळत असतो. शेवटी पँक्स भर चौकात मालकाचे केस कापून टाकतो तो प्रसंग विनोदी आहे, पण त्यात एक अर्थशास्त्रही आहे. शॉच्या 'विडोअर्स हाउसेस'मध्ये (१८९२) हेच सूत्र अधिक कोरडेपणाने येते. लिकचीज नावाचा वसुली करणारा माणूस जिन्याच्या दुरुस्तीवर थोडे पैसे खर्च करतो म्हणून नोकरी गमावतो, आणि ज्या तरुण ट्रेंचला या सगळ्याची किळस येते, त्याचेही उत्पन्न त्याच झोपड्यांच्या गहाणातून येत असल्याचे त्याला कळते. ट्रेंच हा आम्हाला या संपूर्ण विषयातला सर्वांत आधुनिक माणूस वाटतो. त्याने कधीच कुणाकडून भाडे मागितलेले नाही.

तरीही आमच्या मते या मधल्या माणसाचे सर्वांत सूक्ष्म चित्र एका प्रेमकथेत आहे. 'वदरिंग हाइट्स' (१८४७) ही कादंबरी हीथक्लिफ आणि कॅथरीन यांची म्हणून आपण वाचतो, शिकवतो. पण ती ऐकणारा लॉकवूड हा भाडेकरू आहे, हीथक्लिफ त्याचा घरमालक आहे, आणि कथा सांगणारी नेली ही घर सांभाळणारी बाई आहे. घरमालकाविषयी भाडेकरूला जे काही कळते ते जवळजवळ सगळे तिच्या तोंडून. पुढे लॉकवूड हिशेब पुरा करायला परत येतो, तेव्हा हीथक्लिफ मेलेला असतो आणि मालकीण झालेल्या तरुण कॅथीला अजून व्यवहार कळत नाही म्हणून हिशेब नेलीशीच करावा लागतो. समीक्षकांनी नेलीला अविश्वसनीय निवेदक म्हणून पुष्कळ तपासले आहे. ती कादंबरीअखेर मालमत्तेची व्यवस्थापकही झालेली असते, याकडे मात्र आम्हाला कुणी फारसे लक्ष दिलेले दिसले नाही. निवेदन आणि कारभार एकाच हाती आले की काय होते, याचा तो नमुना आहे.

येथे आमच्या मुद्द्याचा गाभा आहे. दूरच्या मालमत्तेचा व्यवस्थापक हा आधी निवेदक असतो, मग व्यवस्थापक. मालकाला भाडेकरू दिसतो तो त्याच्या शब्दांतून, आणि भाडेकरूला मालक दिसतो तोही त्याच्याच. त्याची सारी सत्ता दोन वाक्यांत सामावते. भाडेकरूला तो सांगतो, 'मालकांना विचारून सांगतो.' मालकाला तो सांगतो, 'भाडेकरूशी बोलून कळवतो.' या दोन वाक्यांच्या मधल्या काळात भिंतीची ओल छताला पोहोचते.

हा काळ आम्ही स्वतः पाहिला आहे, म्हणून थोडे सांगतो. मानखुर्द स्थानकापासून चालत जाण्याच्या अंतरावर एका जुन्या सोसायटीत आमच्या वडिलांनी घेतलेली जागा आहे. आम्ही सोलापूरला असतो. जागेची व्यवस्था तिथल्याच एका गृहस्थांकडे होती. वर्षाला एका महिन्याचे भाडे हा त्यांचा मोबदला. भाडे वेळेवर येई. मग एका पावसाळ्यात सोसायटीचे पत्र आले, की आपल्या न्हाणीघरातून खालच्या मजल्यावर पाणी झिरपते आहे आणि तीन पत्रांना आपण उत्तर दिलेले नाही. ती तीन पत्रे व्यवस्थापकांच्या हाती दिलेली होती. आम्ही फोन केले, ते वाजत राहिले. निरोप पाठवले, त्यांवर दोन निळ्या खुणा उमटल्या आणि पुढे काही नाही. शेवटी आम्ही सोलापूरहून रात्रीच्या गाडीने निघालो. दार उघडले ते भाडेकरूच्या पत्नीने. 'सर, तुम्ही आहात होय मालक? ते तर म्हणायचे मालक परदेशात असतात, त्यांना असलं काही सांगितलेलं आवडत नाही.' बाईंच्या बोलण्यात राग नव्हता, कुतूहल होते. आम्ही त्यांना 'ताई, सोलापूर परदेशात नाही' असे म्हटले तेव्हा त्या हसल्या, पण न्हाणीघराच्या दाराखाली कोंबलेले फडके आणि बादली आम्हाला दिसतच होती. चौदा महिने त्या घरात असे चालले होते.

या गृहस्थांना लबाड म्हणून मोकळे होणे सोपे आहे. त्यांनी एक पैसाही खाल्ला नव्हता, हे हिशेबावरून दिसले. मग त्यांनी केले काय? त्यांनी गप्प राहण्याचा धंदा केला. दुरुस्ती म्हटली की प्लंबर बोलावणे आले, सोसायटीच्या सेक्रेटरीशी हुज्जत आली, मालकाकडून पैसे मागणे आले, भाडेकरूचे चार शब्द ऐकणे आले; आणि मोबदला तर तोच, वर्षाचे एक महिन्याचे भाडे. न बोलल्याने त्यांचे काहीच बुडत नव्हते. मौन हे संमतीचे लक्षण म्हणतात. इथे ते साधे व्यवहारज्ञान होते. आणि कटू असले तरी म्हणायला हवे, की दूर राहणाऱ्या मालकांपैकी फार जणांना हवे असते ते हेच: महिन्याच्या महिन्याला भाडे आणि बाकी शांतता. 'त्रास नको' या दोन शब्दांसाठी आपला वर्ग व्यवस्थापक नेमतो. ज्याला त्रास न पोहोचवण्यासाठी नेमले, त्याने त्रास पोहोचवला नाही, तर तक्रार कोणत्या तोंडाने करायची, हा प्रश्न ट्रेंचच्या प्रश्नाहून फार वेगळा नाही.

कायदा याबाबतीत साहित्यापेक्षा अधिक जागा आहे, हे नमूद केले पाहिजे. १८७२ चा भारतीय करार अधिनियम आपण वाचत नाही. पण त्यातले एजन्सीचे प्रकरण वाचनीय आहे. कलम २१३ म्हणते, मागताच योग्य हिशेब द्यावा. कलम २१४ तर थेट आपल्या विषयावर आहे: अडचणीच्या प्रसंगी आपल्या मालकाशी संपर्क साधण्याची आणि त्याची सूचना घेण्याची वाजवी ती सर्व कसोशी करणे, हे प्रतिनिधीचे कर्तव्य. म्हणजे गप्प राहणे हा केवळ असभ्यपणा नाही, तो कर्तव्यभंग आहे. आणि एक बारकावा: कलम २०८ प्रमाणे प्रतिनिधीला दूर केल्याचे तिऱ्हाईताला कळेपर्यंत त्याच्यापुरता तो प्रतिनिधीच राहतो. म्हणून व्यवस्थापक बदलताना पहिले पत्र लिहायचे ते भाडेकरूला. नाहीतर त्याने जुन्या माणसाच्या हाती दिलेले भाडे पुन्हा मागता येत नाही, आणि मागूही नये. आम्ही ते पत्र त्या ताईंच्या हाती दिले, त्यांची पोच घेतली, आणि मगच व्यवस्थापकांना नोटीस पाठवली. त्या नोटिशीला मात्र दोन दिवसांत उत्तर आले!

१९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा (तो ३१ मार्च २००० पासून लागू झाला) करार लेखी आणि नोंदणीकृत असण्याची जबाबदारी कलम ५५ मध्ये मालकावर टाकतो. करार नोंदवलेला नसेल तर अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. हीही निवेदनाचीच तरतूद नव्हे काय? लेखी संहिता नसेल तर कुणाची गोष्ट खरी मानायची, याचा निवाडा. याच कायद्याचे कलम १४ घर दुरुस्त ठेवणे मालकाचे कर्तव्य ठरवते, आणि पंधरा दिवसांच्या नोटिशीनंतरही त्याने हात हलवला नाही तर भाडेकरूला स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करू देते, वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांश मर्यादेत. पण आज मुंबईत बहुतेक घरे अकरा महिन्यांच्या 'लिव्ह अँड लायसन्स'वर दिली जातात, आणि परवानाधारक म्हणजे भाडेकरू नव्हे. शब्द बदलला की हक्क बदलतो. भाषेच्या शिक्षकांना हे वेगळे सांगायला नको.

रेरा कायद्याने (२०१६) दलालांना नोंदणी सक्तीची केली, पण ती विक्रीच्या व्यवहारापुरती. भाड्याची घरे सांभाळणारा त्याच्या कक्षेबाहेर आहे. २ जून २०२१ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरार कायद्यात 'प्रॉपर्टी मॅनेजर' या माणसाला स्वतःची कलमे मिळाली. मालकाने त्याचे नाव आणि अधिकारपत्र भाडेकरूला द्यायचे, त्याने पावती देऊन भाडे घ्यायचे, आवश्यक दुरुस्त्या करून घ्यायच्या, तंटा सोडवायला मदत करायची, आणि कसूर केल्यास भाडे न्यायालयाने त्याला दूर करायचे. पण हा नमुना कायदा आहे. राज्याने स्वीकारल्याखेरीज त्याला बळ नाही. तरी मसुदा लिहिणाऱ्यांनी या माणसाला नाव दिले, त्याची कामे सांगितली, त्याच्या गप्प राहण्यावर उपाय सुचवला. आमच्या कथाकारांहून ते पुढे गेले म्हणायचे.

मानखुर्दविषयी बोलताना आमच्या जुन्या सोसायटीपाशी थांबणे मात्र अप्रामाणिकपणाचे होईल. कारण तिथून थोड्या अंतरावर लल्लुभाई कंपाउंड आहे. रेल्वेरुळांच्या कडेची आणि रस्तारुंदीत गेलेली कुटुंबे मुंबई नागरी वाहतूक प्रकल्पात उठवून या भागात आणली गेली. सव्वादोनशे चौरस फुटांचे घर, उंच इमारती, मधले अंतर अरुंद. या प्रकल्पातल्या पुनर्वसनाविषयी तक्रारी जागतिक बँकेच्या तपासणी मंडळापर्यंत गेल्या. मंडळाचा अहवाल डिसेंबर २००५ चा, आणि मार्च २००६ मध्ये बँकेने प्रकल्पाच्या रस्ते व पुनर्वसन या भागांचा निधी काही महिने रोखून धरला. मानखुर्दच्या घराची तक्रार ऐकली जाण्यासाठी तिला वॉशिंग्टनला जावे लागते, हे अंतर सोलापूरच्या गाडीने मोजता येत नाही. त्याच परिसरातल्या वसाहतींत घरात ऊन-वारा न येणे आणि क्षयरोग यांचा संबंध डॉक्टरांच्या संस्थेने आणि आयआयटीच्या अभ्यासकांनी तपासला, २०१८ साली त्याची बरीच चर्चा झाली. इमारत बांधणारे प्राधिकरण एक, पाणी देणारी महापालिका दुसरी, आणि देखभाल रहिवाशांच्या सोसायटीची. लिफ्ट बंद पडली तर 'विचारून सांगतो' म्हणणारे इथे तीन.

आणि तिथेही भाड्याने देणे-घेणे आहेच. काम दादरला किंवा कुर्ल्याला राहिले, घर मानखुर्दला मिळाले, म्हणून मूळ लाभार्थी परत कामाजवळ जाऊन राहतो आणि घर दुसऱ्याला देतो. पुनर्वसनाच्या घरांवर काही वर्षे विक्रीची आणि भाड्याने देण्याची बंदी असते, म्हणून कागद होत नाही. सगळा व्यवहार मधल्या माणसाच्या जिभेवर. इथला मालक श्रीमंत नाही. तोही दुसरीकडे भाडेकरूच असतो. दोघे गरीब, दोघे एकमेकांना न पाहिलेले, आणि मध्ये उभा असलेला माणूस दोघांनाही सांगतो, की दुसरा फार वाईट आहे. तक्रार कुठे करायची? तक्रार म्हणजे कबुली. कलम २१४ इथे पोहोचत नाही, कलम ५५ इथे उलटे फिरते. आमच्यासारख्याला निदान रात्रीची गाडी पकडून दारात उभे राहता आले. ज्याने घर न सांगता दिले आणि न सांगता घेतले, त्या दोघांना एकमेकांच्या दारात उभे राहण्याचीही चोरी.

व्यवस्थापकाची गरजच नाही, असे आमचे म्हणणे नाही. १८६५ मध्ये ऑक्टेव्हिया हिलने रस्किनच्या पैशाने लंडनच्या मॅरिलबोन भागातली काही जीर्ण घरे सांभाळायला घेतली, तेव्हा तिने व्यवस्थापनाची व्याख्याच बदलली. मालकाला पाच टक्के परतावा मिळे, भाडे सक्तीने वसूल होई (त्या बाबतीत ती कठोर होती, तिचे गोडवे गाणारे हे विसरतात), पण दर आठवड्याला भाडे घ्यायला जाणारी बाई घर बघे, ऐकून घेई. दुरुस्तीसाठी ठरावीक रक्कम बाजूला असे, आणि ती उरली तर तिचे काय करायचे हे भाडेकरूंनी सांगायचे. भाडे घेण्याचा क्षण आणि ऐकण्याचा क्षण एकच ठेवला, इतकीच तिची युक्ती. आज भाडे बँकेतून परस्पर जाते, आणि ऐकण्याचा तो आठवड्याचा क्षण त्यासोबत गेला. कुणी तो मुद्दाम काढून टाकला असे नाही.

आमच्या जागेपुरते सांगायचे तर आता मध्ये कुणी नाही. करार नोंदवला आहे. त्यात दुरुस्तीचा एक परिच्छेद आहे: ठरावीक रकमेपर्यंतचे काम भाडेकरूंनी न विचारता करून घ्यावे, पावती पाठवावी, पुढच्या भाड्यातून वजा करावे. सोसायटीची पत्रे दोन प्रतींत निघतात, एक दाराला आणि एक सोलापूरला. बिनभोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांहून अधिक आकारता येत नाही हा १ ऑगस्ट २००१ चा शासन आदेश सेक्रेटरींना दाखवावा लागला, पण ती वेगळी हकिकत. गेल्या पावसाळ्यात ताईंचा फोन आला. 'सर, तुमच्या न्हाणीघराचं झालं, पण आता वरच्यांचं गळतंय. त्यांचे मालक नाशिकला असतात म्हणे. एजंट फोन उचलत नाही.' आम्ही सोसायटीकडून नाशिकच्या त्या गृहस्थांचा पत्ता मागवला आहे.